ब्रेक, कंटिन्यू आणि रिटर्न: प्रोग्रामचा ओघ नेमका कोठे वळतो?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीकडे लागलेले असते. तेथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. समजा, तासागणिक नोंदी एका ॲरेमध्ये (क्रमाने मांडलेल्या यादीत) आहेत, न आलेल्या नोंदीच्या जागी उणे 1 लिहिले आहे आणि पाणी धोका पातळीला पोहोचण्यापूर्वीच्या नोंदींची सरासरी काढणारे फंक्शन सी भाषेत लिहायचे आहे.

फॉर लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी त्याच ओळी पुन्हा चालवणाऱ्या रचनेत, सर्वप्रथम उणे 1 तपासावे व तसे आढळल्यास कंटिन्यू द्यावे, म्हणजे त्या फेरीतील उरलेल्या ओळी वगळून लूप पुढच्या नोंदीकडे जातो. त्यानंतर 43 किंवा अधिक पातळी आढळताच ब्रेक द्यावा. त्यामुळे लूप तेथेच संपतो आणि त्याच्याखालच्या ओळीपासून काम पुढे चालते. बेरीज आणि मोजणी या दोन्ही तपासण्यांच्या खाली ठेवावी. मोजणी शून्यच राहिली असेल, तर भागाकारापूर्वी रिटर्न देऊन फंक्शनमधूनच बाहेर पडावे.

हाच लूप व्हाइलने (अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपने) लिहिताना विशेष काळजी घ्यावी. फॉरमध्ये कंटिन्यूनंतरही इंडेक्स (नोंदीचा क्रमांक) वाढवण्याची पायरी पार पडते. व्हाइलमध्ये मात्र ती वाढ लूपच्या शेवटच्या ओळीत लिहिलेली असेल, तर कंटिन्यू तिलाही ओलांडून जाते आणि प्रोग्राम त्याच रिकाम्या नोंदीवर कायमचा अडकतो. म्हणून कंटिन्यूच्या आधी इंडेक्स वाढवावा.

ब्रेक केवळ सर्वांत आतला लूप किंवा स्विच (अनेक पर्यायांतून एक निवडणारी रचना) थांबवतो, हेही ध्यानात ठेवावे. दोन लूपमधून एकदम बाहेर पडण्यासाठी जावा भाषेत लेबल (लूपला दिलेले नाव) लावलेला ब्रेक मिळतो. सीमध्ये ते काम वेगळ्या फंक्शनमध्ये नेऊन रिटर्न देणे मला अधिक स्वच्छ वाटते. गोटूवर, म्हणजे प्रोग्रामला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेवर, संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1968 मध्ये कठोर टीका केली होती, आणि मनमानी उड्यांबाबत ती आजही रास्त आहे; तरीही चूक उद्भवल्यावर घेतलेली मेमरी एकाच ठिकाणी परत करण्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) तो शिस्तीने वापरला जातो.

चाचणीसाठी उणे 1, 38, 40, 43, 44 या नोंदी द्याव्यात. उत्तर 39 यायला हवे. नंतर पहिलीच नोंद 43 ठेवून पाहावे, म्हणजे रिटर्नची वाटही तपासली जाईल.