खऱ्यासारखं दिसणारं नाताळचं झाड निवडताना

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल, तर नाताळचं कृत्रिम झाड घेताना आधी बुडाशी वाका. स्टँड आणि दांडा बहुधा लोखंडी असतो, आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. रंगाचा थर जाड आणि सलग हवा. वेल्डिंगच्या सांध्यांवर टवका उडालेला दिसला तर ते झाड ठेवून द्या. प्लॅस्टिकचा स्टँड गंजत नाही हे खरं, पण पाच-सहा फुटी झाड त्याला पेलवत नाही.

मग पानं. ती पीव्हीसी किंवा पीई (पॉलिथिलीन) या दोन प्रकारच्या प्लॅस्टिकची असतात. पीव्हीसीची पानं प्लॅस्टिकचा पातळ पत्रा कापून केलेली, म्हणून चपटी आणि कागदी दिसतात. पीईची पानं साच्यात ओतलेली असतात, त्यांना खऱ्या सूचिपर्णासारखा फुगीरपणा असतो. सगळं झाड पीईचं घ्यायची गरज नाही, महागही पडतं. बाहेरची टोकं पीईची आणि आतला भराव पीव्हीसीचा असला की पुरतं. फांदी मुठीत धरून हलकेच ओढा. पानं हातात आली तर दोन वर्षांत झाड बोडकं होईल. एकाच उंचीची दोन झाडं असतील तर खोक्यावर लिहिलेली फांद्यांच्या टोकांची संख्या ताडून पाहा; जास्त टोकांचं झाड दाट दिसतं.

उंची ठरवताना वरच्या चांदणीसाठी फूटभर जागा सोडा.

६ जानेवारीनंतर झाड उतरवलं की कोरड्या फडक्याने पुसा, सांध्यांना मशीनचं तेल लावा, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या खोक्यात घालून घट्ट बांधा. पावसाळ्याचे चार महिने खोकं जमिनीवर ठेवू नका.