कडेवर लेकरू, पोटात बाळ आणि जांघेत कळ: या चुका टाळा

दुसऱ्या खेपेला सव्विसावा आठवडा चालू होता. सकाळी सलवार घालायला डावा पाय उचलला आणि जांघेच्या मधोमध अशी कळ आली की भिंत धरून उभी राहिले. समोर पावणेदोन वर्षांचा लेक दोन्ही हात वर करून "आई, कडे" म्हणत होता. मी त्याला उचललं. पुढच्या तीन आठवड्यांत या दुखण्यात करता येण्यासारख्या बहुतेक चुका मी केल्या. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्या एकेक करून पकडल्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "मूल कुठल्या कडेवर घेता?" मी म्हटलं, डाव्या. "आणि दुखतं कुठे जास्त?" डावीकडेच.

या दुखण्याला डॉक्टर पेल्विक गर्डल पेन म्हणतात. कमरेच्या हाडांचं एक कडं असतं. ते समोर ओटीपोटाच्या खाली एका सांध्यात जुळतं आणि मागे माकडहाडाच्या वर डाव्या-उजव्या अशा दोन सांध्यांत. गरोदरपणात काहींच्या या सांध्यांची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. एक बाजू जास्त हलते, एक आखडते आणि मग जांघेत, मांडीच्या आतून, खुब्यात किंवा कमरेत मागे चमका येतात. काहींना चालताना आत कट्-कट् असा आवाजही जाणवतो. पाचपैकी साधारण एका गरोदर बाईला हा त्रास कमी-अधिक होतो. पहिल्या वेळी झाला असेल तर दुसऱ्या वेळी होण्याची शक्यता जास्त. पोटातल्या बाळाला यामुळे काहीही इजा होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. रात्री दोन वाजता हाच प्रश्न छळतो, मलाही छळला होता.

दुखणं ओळखायची एक सोपी खूण आहे. एका पायावर भार आला किंवा दोन पाय एकमेकांपासून लांब गेले की कळ वाढते. जिना, कुशीवर वळणं, रिक्षातून उतरणं, एका पायावर उभं राहून कपडे घालणं, सगळीकडे हेच. बाकीचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

कडेवर घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबते. दोन वर्षांचं मूल साधारण अकरा-बारा किलोचं असतं. ते कडेवर बसावं म्हणून आपण नकळत एक खुबा बाहेर काढतो, कंबर तिरकी होते आणि सगळा भार एका पायावर जातो. आधीच रुसलेल्या सांध्यावर तिरपा ताण येतो. त्यात उजव्या हाताने गॅसवरचं दूध ढवळायचं असतं, म्हणजे कमरेला पीळही बसतो. बाजू बदलून घेतलं की झालं, असं मला वाटायचं. नाही. बाजू बदलली की दुसरी बाजूही दुखायला लागते.

पण "आता तुला घेणार नाही" हेही जमत नाही. आईच्या पोटात कोणीतरी आलंय याचा वास लागलेलं मूल नेमकं याच दिवसांत जास्त चिकटतं. आमच्या घरी शेवटी एक नियम ठरला: उचलून घेणं बंद, जवळ घेणं चालू. मी खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसायचं आणि त्याने चढून यायचं. पलंगाला एक बुटकं, न हलणारं स्टूल लावलं. सोफ्याशी जुना लाकडी पाट उलगडत्या चटईवर ठेवला होता, तो घसरला आणि दोघंही आपटता आपटता वाचलो, म्हणून तो काढला. जे ठेवाल ते आधी स्वतःच्या हाताने दाबून बघा. आठवड्याभरात तो स्वतः चढायला शिकला आणि "मीच, मीच" सुरू झालं. या वयाचा हट्ट पहिल्यांदाच माझ्या कामी आला.

आणि एक बारीक गोष्ट, जिचं महत्त्व मला उशिरा कळलं. सासूबाई प्रेमाने सांगायच्या, "आईच्या पोटात बाळ आहे ना, म्हणून आई घेत नाही." बाळ यायच्या आधीच त्याच्यावर आळ! आम्ही वाक्य बदललं: "आईच्या कमरेला बाऊ झालाय." राग कमरेवर जाऊ दे. माझा लेक रोज कमरेला फुंकर घालायचा.

उचलणं टळतच नाही असा प्रसंग येतोच. भाजीवाल्यासमोर मूल रस्त्यावर लोळण घेतं तेव्हा कुठलं स्टूल? आधी पायरी किंवा बाक दिसला तर तिथे टेका आणि त्याला मांडीवर बोलवा. तेही शक्य नसेल तर वाकू नका. एक गुडघा जमिनीवर टेका, मुलाला छातीशी समोरून घट्ट धरा, श्वास सोडत दोन्ही पायांवर सारखा भार देत उठा आणि हातात मूल असताना कमरेतून वळू नका, पावलं टाकून वळा. ही युक्ती संकटापुरती आहे, रोजच्यासाठी नाही. आणि मूल घेऊन जिना तर नकोच.

"खाली बसून फरशी पूस, मोकळी होशील"

हा सल्ला तुम्हाला किमान चार जणींकडून मिळाला असेल. ज्यांना हा त्रास नाही त्यांच्या बाबतीत मी बोलत नाही. पण जांघेचा सांधा दुखत असताना उकिडवं बसून सरकत जाणं, विळीवर एक पाय दुमडून बसणं, तास-तास मांडी घालणं, या सगळ्यात पाय लांब जातात किंवा कंबर वाकडी होते. मोबाईलवर प्रसूती सोपी होण्यासाठी म्हणून दाखवतात तो फुलपाखरासारखे गुडघे हलवायचा व्यायाम, खोल बैठका आणि बदकचाल यांचंही तेच. मी फुलपाखरू आठ दिवस निष्ठेने केलं. नवव्या दिवशी पलंगावरून उठता येईना.

त्याउलट हात आणि गुडघे टेकून, घोडा होतो तसं राहून, पाठ हळूच वर-खाली करणं बऱ्याच जणींना सोसतं. पोटाचा भार कमरेवरून उतरतो. शिवाय त्या वेळी मुलाला गाडी-गाडी खेळता येतं. पाठीवर मात्र बसू देऊ नका, तो प्रयत्न करणारच. केगेल म्हणतात ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायामही उपयोगी पडतात. कोणताही व्यायाम करताना किंवा नंतर कळ वाढली तर तो तुमचा नव्हे. शक्य तर एकदा तरी फिजिओथेरपिस्टला दाखवून स्वतःपुरता बेत ठरवून घ्या.

देशी पद्धतीचं संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात, सर्जिकल सामान मिळतं तिथे, मिळते. ती म्हाताऱ्यांची वस्तू असं वाटून मी महिनाभर टाळली. तो महिना वाया गेला. मुलाची अंघोळसुद्धा आपण खाली बसून घालतो. मी उंच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायला लागले. तो समोर उभा, बादली दुसऱ्या स्टुलावर. मोरीभर पाणी व्हायचं, पण कमरेला बरं.

अगदीच पडून राहणं, किंवा अजिबात न थांबणं

दुखतंय म्हटल्यावर माहेरी नेऊन निजवून ठेवणं ही एक टोकाची चूक. स्नायू ढिले पडतात आणि उठल्यावर दुखणं वाढतं. दुसरं टोक म्हणजे चांगला दिवस आला की साठलेली सगळी कामं उरकणं. त्याची वसुली रात्री होते. मधला मार्ग कंटाळवाणा आहे: थोडं काम, थोडं बसणं, परत थोडं काम. कणीक बसून मळा, भाजी टेबलाशी निवडा, धुतलेल्या कपड्यांची बादली एकदम न उचलता दोन-तीन फेऱ्यांत न्या. केरफरशी दुसऱ्या कुणाला देता आली तर तीच आधी द्या, कारण पुढे-मागे रेटण्याची कामं सांध्याला फार झोंबतात.

लहान मुलासोबत आडवं पडायचं कसं, हा खरा प्रश्न. आमच्याकडे डॉक्टर-डॉक्टर खेळ होता आणि पेशंट कायम मी. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, वर चादर. त्याने मला रोज चाळीसेक इंजेक्शनं दिली असतील. आळस म्हणा हवं तर.

रात्र

मूल मध्ये झोपलेलं, त्याचा पाय आपल्या पोटावर, आणि कूस बदलायची म्हणजे एक पाय उचलून, कण्हत. इथे चूक अशी की आधी पाय वळतो आणि मग कंबर. दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवा, हवं तर मध्ये उशी दाबून धरा, आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम वळवा, ओंडका लोटावा तसे. कमरेखाली जुनी गुळगुळीत सिंथेटिक साडी घडी करून घातली की घसरत वळता येतं. उठतानाही कुशीवर येऊन, पाय एकत्र खाली सोडून, हाताने रेटा देत. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपायचं असतं, पाठीवर नाही, त्यामुळे ही सवय तशीही लागणारच.

मुलाला बाबाच्या बाजूला झोपवा. पहिले तीन-चार दिवस रडारड होते. रात्रीचं पाणी, शू आणि "लाईट लाव" ही खाती त्याच वेळी बाबाकडे गेली की परत येत नाहीत.

जिन्याचं सूत्र मला पाठ आहे, कारण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एका पायरीवर दोन्ही पाय आले की मग पुढची. रिक्षात आधी पाठमोरं बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. स्कूटरवर पाय टाकून बसणं आणि एका बाजूला बसणं, दोन्ही त्रासाचंच.

पट्टा, गोळी, मालीश

पट्टा घेताना बहुतेक जणी पोटाला आधार देणारा रुंद पट्टा आणतात. या दुखण्यासाठीचा पट्टा पोटावर नव्हे, पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर कंबरेच्या कड्याभोवती बसतो. उभं राहताना आणि चालताना वापरायचा, आडवं झालं की काढायचा. तो लावून दुखणं वाढलं तर जागा चुकली आहे किंवा तो तुमच्यासाठी नाही. लावायचा कसा हे एकदा कुणी जाणकाराने दाखवलं तर उत्तम.

घरातल्या डब्यातली कंबरदुखीची गोळी काढून घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधं गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडाला आणि पुढे हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला त्रास देऊ शकतात. चोळायची बरीच जेलही त्यातलीच असतात, तीही विचारूनच. पॅरासिटामॉल चालते, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांना विचारा. कमरेला मागे कोमट शेक दहा-पंधरा मिनिटं द्यायला हरकत नाही, पोटावर नको. मालीशवाल्या मावशींना पाय ओढू किंवा फाकवू देऊ नका, त्यांचा हात कितीही चांगला असो.

"होतंच असं" म्हणून गप्प बसणं

तपासणीच्या पाच मिनिटांत "कंबर दुखते" म्हटलं तर "होतंच हो" हे उत्तर येणार. मला तेच मिळालं. पुढच्या वेळी मी कागदावर लिहून नेलं: कूस बदलताना जांघेत कळ येते, एका पायावर उभं राहता येत नाही, जिना चढायला दहा मिनिटं लागतात, मूल उचलता येत नाही, मला फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी द्या. मिळाली.

सगळंच दुखणं सांध्याचं नसतं, हेही लक्षात ठेवा. रक्त किंवा पाणी जाणं, सदतीस आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट घट्ट होणं, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी वाटणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी न कळता होणं किंवा अडकणं, यातलं काहीही असेल तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रसूतीच्या आधी एक माप

शेवटच्या महिन्यात पाठीवर पडून किंवा खुर्चीच्या कडेला बसून, न दुखता दोन गुडघे किती लांब जातात ते नवऱ्याला टेपने मोजायला सांगा आणि तो आकडा फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. टेबलावर घेताना पाय त्यापलीकडे शक्यतो नेऊ नयेत आणि दोन्ही पाय एकाच वेळी उचलावेत, हे सिस्टरना आधीच सांगून ठेवा. पाठीत इंजेक्शन देऊन कळा कमी केल्या असतील तर दुखणं कळत नाही आणि पाय जास्त ताणले जातात, तेव्हा तर हा आकडा हवाच. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून कळा देता येतील का, तेही विचारा. फक्त या दुखण्यासाठी सिझेरियन सहसा लागत नाही.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरतं. माझं दोन महिने रेंगाळलं. बाळंतिणीला न्हाऊ घालायला बुटक्या पाटावर बसवतात, तिथे मी हट्टाने स्टूल मागितलं. आत्याबाईंना ते फारसं रुचलं नाही. आणि आता कडेवर यायला दोघं आहेत, त्यातलं मोठं अजूनही स्टुलावरूनच चढतं.