कुत्र्याला उलटी झाली तर

आधी कुत्र्याकडे नीट बघा. पोट आतबाहेर करत, जोर लावून येते ती उलटी. काहीच जोर न लावता, जेवल्या जेवल्या अन्न जसंच्या तसं पडलं, तर ते जठरात पोचण्याआधीच अन्ननलिकेतून परत आलेलं असतं. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून व्हिडिओ काढून ठेवा.

पहाटे पिवळा फेस आणि एरवी स्वारी मजेत असेल, तर बहुधा रिकाम्या पोटी पित्त झालंय. झोपण्याआधी थोडं खायला दिलं की बऱ्याचदा थांबतं.

पूर्ण वाढ झालेल्या, निरोगी कुत्र्याने एक-दोनदाच ओकलं आणि तो चपळ असेल, तर 6 ते 12 तास खाणं बंद. पाणी तोडू नका. पण भांडं भरून ठेवलं तर तो घटाघटा पितो आणि पुन्हा ओकतो. 10 किलोच्या कुत्र्याला दर अर्ध्या तासाने 2 मोठे चमचे पुरे. मग 2 भाग मऊ भात, 1 भाग उकडलेलं बिनहाडाचं चिकन. मीठ, तेल, कांदा, लसूण काही नको. पहिल्यांदा दोन-तीन चमचेच द्या, टिकलं तर दिवसातून 4-5 वेळा थोडं थोडं. पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नका, त्यांची साखर झपाट्याने उतरते. त्यांना थेट डॉक्टरकडे न्या.

आंब्याच्या दिवसांत कोय मोजून कचऱ्यात टाका. गिळलेली कोय आतड्यात अडकते, कधी कधी काही दिवसांनी त्रास देते. एक्स-रेत ती स्पष्ट दिसेलच असं नाही. त्यामुळे नुसता संशय असला तरी डॉक्टरांना सांगा.

पोट फुगलंय, उमासे येतायत पण बाहेर काहीच पडत नाही? जठराला पीळ बसलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. लस न झालेल्या पिल्लाला उलटीसोबत रक्ताचे, घाण वासाचे जुलाब म्हणजे पार्वो या विषाणूच्या आजाराची शंका. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी खूप पाणी पिऊन ओकू लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. यातही थांबू नका.

घरातली क्रोसिन, आयबुप्रोफेन देऊ नका. विष खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकवणं तर फार घातक. रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. मनुके, चॉकलेट, उंदराचं औषध यांपैकी काही खाल्लं असेल, तर उलटीची वाट न बघता फोन करा आणि पाकीट सोबत न्या.