वूबी शिकताय? या चुका टाळा

चिनी शिकणारे आपल्यातले बहुतेक जण पिनयिनने टाइप करतात. उच्चार रोमन अक्षरांत लिहायचा आणि उघडलेल्या यादीतून हवं ते अक्षर उचलायचं. वूबीत उच्चार लागतच नाही. वांग योंगमिन यांनी १९८३ साली आणलेल्या या पद्धतीत अक्षराचे तुकडे पाडायचे आणि ते तुकडे ज्या बटणांवर बसवलेत ती बटणं दाबायची, जास्तीत जास्त चार. अक्षर वाचता येत नसलं तरी टाइप होतं. टाइपरायटरवर मराठी शिकलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. तिथे ‘कि’ उमटवताना वेलांटी आधी मारावी लागते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते.

पहिली चूक म्हणजे कोणता तुकडा कोणत्या बटणावर याचा अख्खा तक्ता घोकायला घेणं. पंधरा दिवस त्यात जातात आणि हात बसत नाही. तक्ता कसा रचलाय ते आधी बघा. तुकड्याची पहिली रेघ आडवी असेल तर तो साधारणपणे जी ते ए या पट्ट्यात सापडतो. टिंबाने सुरू होणारे तुकडे वाय ते पी या पट्ट्यात. एक आडवी रेघ जीवर, दोन एफवर, तीन डीवर. एक टिंब वायवर, दोन यूवर, तीन आयवर. हे कळलं की निम्मं पाठांतर वाचतं.

खरी अडचण येते शेवटच्या रेघेच्या खुणेपाशी, आणि बरेच जण इथेच वूबी सोडून देतात. तीन अक्षरं घेऊ: मू (केस धुणं), थिंग (पाण्याकाठची सपाट जमीन) आणि सा (शिंपडणं). तिन्हींत डावीकडे पाण्याचे तीन थेंब, म्हणजे आय. उजवीकडचा तुकडा प्रत्येकात वेगळा, पण तिन्ही तुकडे एसवरच. आय-एस दाबून नेमकं अक्षर कसं मिळणार? म्हणून तिसरं बटण लागतं. अक्षराची शेवटची रेघ कोणत्या जातीची, यावरून पट्टा ठरतो. अक्षर डावं-उजवं असेल तर त्या पट्ट्यातलं पहिलं बटण, वर-खाली असेल तर दुसरं, दोन्ही नसेल तर तिसरं. ‘मू’ची शेवटची रेघ उजवीकडे उतरते, ती टिंबाच्याच जातीत धरतात, म्हणून वाय. ‘थिंग’ची उभी, म्हणून उभ्या रेघांच्या पट्ट्यातलं पहिलं बटण, एच. ‘सा’ची आडवी, म्हणून जी. ही तीन अक्षरं कागदावर दहा-दहा वेळा लिहा, मग टाइप करा. शेवटची रेघ कोणती हे लिहिणाऱ्या हाताला जितकं कळतं तितकं बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही. रेघांचा क्रम चुकीचा शिकलेला असेल तर तो इथेच आडवा येतो. आधी तो सुधारून घ्या. आणि ही खूण सगळीकडे लावू नका. चार तुकडे झाले असतील तर तिची गरजच नाही.

सगळं बरोबर दाबूनही भलतंच अक्षर येत असेल तर आवृत्ती तपासा. वूबीच्या ८६ आणि ९८ या आवृत्त्यांत काही तुकडे वेगवेगळ्या बटणांवर आहेत. विंडोजसोबत येणारं वूबी ८६चं आहे. हातातला तक्ता ९८चा असला तर दोष तुमचा नाही, तक्ता बदला.

एस हे बटण ‘झाड’ या अर्थाच्या चिनी अक्षराच्या नावाने ओळखलं जातं. असं बटणाला नाव देणारं अक्षर तुकडे पाडून मिळत नाही. तेच बटण चारदा दाबायचं: एस-एस-एस-एस.

आणि एकेक अक्षर टाइप करत बसू नका. दोन अक्षरी शब्दाला प्रत्येकाचे पहिले दोन तुकडे पुरतात. ‘चोंगक्वो’ म्हणजे चीन, के-एच-एल-जी. चारहून लांब शब्दाला पहिल्या तीन अक्षरांचा आणि शेवटच्या अक्षराचा एकेक पहिला तुकडा. चीनचं अधिकृत नाव सात अक्षरांचं आहे. के-डब्ल्यू-डब्ल्यू-एल दाबा, पूर्ण उमटतं.