फक्त मित्रामित्रांची युरोप ट्रिप कमी पैशात कशी बसवायची

ग्रुपवर कुणीतरी "चला रे, कुठेतरी जाऊन येऊ" टाकलं की पुढचा मेसेज हमखास युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या एखाद्या २० युरोच्या फ्लाइटचा स्क्रीनशॉट असतो, आणि मग सगळे त्या फ्लाइटच्या मागे लागतात, शहर कुठलं हे नंतर बघतात. इथेच गणित चुकतं. तीन रात्रींच्या ट्रिपमध्ये विमानाचं भाडं हा छोटा खर्च असतो, खरे पैसे जातात ते उतरल्यावर, त्यातही संध्याकाळी सातनंतर. म्हणून शहर निवडताना प्रश्न एकच विचारायचा, तिथे रात्र केवढ्याला पडते? बिअर, जेवण, रात्री उशिरा रूमवर परत यायचा खर्च, एवढं बघा. डब्लिन, कोपनहेगन, ॲमस्टरडॅम या परीक्षेत लगेच नापास होतात, तिकीट कितीही स्वस्त मिळू दे. ॲमस्टरडॅमने तर २०२३ मध्ये दंगा करायला येणाऱ्या १८ ते ३५ वयाच्या ब्रिटिश पुरुषांसाठी "येऊ नका" अशी जाहिरात मोहीमच काढली होती, आणि २०२४ पासून तिथे हॉटेलच्या बिलावर साडेबारा टक्के टुरिस्ट टॅक्स लागतो. जिथे आपण नको आहोत तिथे जास्त पैसे देऊन कशाला जायचं.

दुसरी परीक्षा एअरपोर्टची. तिकिटावर पॅरिस लिहिलेलं असतं आणि विमान उतरतं बोव्हेला, म्हणजे शहरापासून साधारण ८५ किलोमीटर लांब, मग बसचं भाडं आणि अर्धा दिवस दोन्ही गेले. याउलट बल्गेरियातल्या सोफियाला आणि पोर्तुगालमधल्या पोर्तोला मेट्रो थेट एअरपोर्टपर्यंत येते, पोलंडमधल्या क्राकोला ट्रेन वीसेक मिनिटांत गावात सोडते.

माझा पहिला नंबर हंगेरीच्या बुडापेस्टला. आता ते पूर्वीइतकं स्वस्त राहिलं नाही हे खरं, पण दिवस आणि रात्र दोन्ही भरून काढणारं दुसरं शहर या बजेटमध्ये मला तरी दिसत नाही. एअरपोर्टवरून १००ई बस थेट डेआक फेरेन्त्स चौकात आणते, पण तिला वेगळं तिकीट लागतं, २४ किंवा ७२ तासांचा पास त्यात चालत नाही, आणि हे माहीत नसलेले पर्यटक तिकीट चेकरला आयते सापडतात. पास वापरायचाच असेल तर २००ई बस आणि पुढे मेट्रो. कागदी तिकीट घेतलं तर मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, नुसतं खिशात असून उपयोग नाही. दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठाने संसदेसमोरून जाते, साध्या तिकिटात नदीदर्शन होतं, क्रूझचे पैसे वाचले.

अंघोळीचे हमाम ही बुडापेस्टची खासियत. सगळे सेचेनीला जातात, १९१३ ची पिवळी भव्य इमारत, उघड्यावर वाफाळणारं पाणी आणि त्यात बुद्धिबळ खेळत बसलेले आजोबा, मस्तच आहे पण गर्दी फार आणि तिकीट आता चांगलंच वाढलंय. मुलामुलांचाच ग्रुप असेल तर मी रुदाश सुचवेन. सोळाव्या शतकातला तुर्की हमाम, घुमटाखाली अष्टकोनी कुंड, आणि आठवड्यातले काही दिवस तो भाग फक्त पुरुषांसाठी असतो. वार बदलतात, त्यामुळे जायच्या आधी वेबसाइटवर वेळापत्रक बघूनच प्लॅन करा. संध्याकाळी सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये, जुन्या ज्यू वस्तीत, पडक्या वाड्यांमध्ये थाटलेले रुइन बार आहेत, त्यातला सिम्प्ला केर्त सगळ्यात प्रसिद्ध म्हणून सगळ्यात गच्च. एक बिअर तिथे घ्या, फोटो काढा आणि पुढची मागच्या गल्लीत घ्या, दरात फरक दिसेल. रूम मात्र त्याच गल्लीत घेऊ नका, झोप येणार नाही. नदीच्या जवळ किंवा आठव्या डिस्ट्रिक्टमध्ये घ्या.

क्राको ज्यांना रात्रीपेक्षा दिवस महत्त्वाचा त्यांच्यासाठी. जेवणात पैसे वाचवायचे तर बार म्लेचनी शोधा, नावात बार असला तरी दारू नसते, कम्युनिस्ट काळापासून चालत आलेल्या स्वस्त खाणावळी आहेत या, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. व्हेज खाणाऱ्यांनी पिएरोगी रुस्किए मागवा, आत बटाटा आणि चीज असतं, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकायची पद्धत आहे, ते नको म्हणून आधीच सांगा. रात्री काझिमिएझ भागात प्लात्स नोवी चौकातल्या गोल इमारतीत झापिएकांका मिळते, लांबलचक पाव, वर मशरूम आणि चीज, एकात एक माणूस आरामात भागतो. दिवसा व्हिएलिच्काची मिठाची खाण, १९७८ पासून जागतिक वारसा, तिथे क्राकोहून साधी लोकल ट्रेन जाते तेव्हा एजंटची टूर घ्यायची गरज नाही. आउशवित्झ, म्हणजे नाझींची छळछावणी, साधारण ७० किलोमीटरवर आहे, जागा आधी आणि नावानिशी बुक करावी लागते, सोबत ओळखपत्र हवं. आणि हो, आदल्या रात्री भरपूर पिऊन तिथे जाऊ नका, ती जागा तशी नाही. आणखी एक, क्राकोमध्ये जुलै २०२३ पासून मध्यरात्री ते पहाटे साडेपाच दुकानात दारू विकत नाहीत, काय घ्यायचं ते आधी घ्या.

सगळ्यात कमी खर्च कुठे म्हणाल तर सोफिया. बल्गेरिया २०२५ पासून पूर्ण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो, म्हणजे पैसे बदलायची कटकटही गेली. रोमन काळातल्या सेर्दिकाचे, म्हणजे जुन्या सोफियाचे, अवशेष चक्क मेट्रो स्टेशनपाशी फुकट बघता येतात, जुन्या हमामाजवळ गरम मिनरल वॉटरचे नळ आहेत तिथे लोक कॅन घेऊन रांगेत असतात, तुम्हीही बाटली भरा. सकाळी बानित्सा म्हणजे चीज भरलेली पेस्ट्री, दुपारी शोप्स्का सॅलड आणि तारातोर नावाचं काकडी-दह्याचं गार सूप, व्हेजवाल्यांची चैन आहे. पाय शिवशिवत असतील तर शहराला लागूनच वितोशा डोंगर आहे, चेर्नी व्रह शिखर २२९० मीटर, दिवसभराचा ट्रेक होतो. नाइटलाइफ ठीकठाक, बुडापेस्टची अपेक्षा ठेवू नका.

नाइटलाइफच हवी तर सर्बियातलं बेलग्रेड. १ जानेवारी २०२५ पासून तिथली शहर बस, ट्राम सगळं फुकट आहे, कालेमेग्दान किल्ल्यावर सावा आणि डॅन्यूबचा संगम बघायला तिकीट नाही, आणि रात्री नदीवर तरंगणारे क्लब, त्यांना स्प्लाव म्हणतात. पण सर्बिया युरोपियन युनियनमध्येही नाही आणि शेंगेनमध्येही नाही, त्यामुळे दोन गोष्टी बघाच. तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्री असेल तर एकदा बेलग्रेडला गेलात की परत शेंगेनमध्ये येता येणार नाही. आणि युनियनमधलं फुकट रोमिंग तिथे चालत नाही, उतरल्याउतरल्या मोबाईल डेटा बंद करा नाहीतर बिल बघून हँगओव्हर उतरेल.

प्रागबद्दल थोडक्यात. सुंदर आहे, पण मध्यवस्तीत आता सगळं टुरिस्टच्या भावाने मिळतं, आणि २०२४ च्या शेवटी तिथे रात्री दहा ते सकाळी सहा गाइड घेऊन निघणाऱ्या पब क्रॉलवर (एका रात्रीत पबमागून पब फिरण्यावर) बंदी आली. बिअरसाठीच जायचं तर १८४२ मध्ये जिथे पिल्सनर पहिल्यांदा बनली त्या प्लझेनला जा किंवा ब्र्नोला, दोन्ही चेक देशातलीच शहरं, दोन्हीकडे गर्दी कमी. व्हिएन्ना बघायची आणि खिसा सांभाळायचा असेल तर शेजारच्या स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावात राहा, ट्रेनने तासभराचं अंतर आहे.

आता ग्रुपचं. चार जण हा आदर्श आकडा, एक टॅक्सी, दोन बेडरूमचा एक फ्लॅट, एक टेबल, वाद कमी. आठ मुलगे झाले की बरीच हॉस्टेल्स बुकिंग घेताना का कू करतात, क्लबच्या दारात बाउन्सर अडवतो (दोन-दोन करून जा), आणि फ्लॅटवर पार्टी करायचं डोक्यात असेल तर एअरबीएनबीवर त्याला कायमची बंदी आहे. शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार ते बुधवार जमवलं तर तीच रूम बऱ्याचदा खूप स्वस्त पडते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि फेब्रुवारी हे माझे आवडते, थंडी असते पण हमामात आणि बारमध्ये थंडीचं काय.

पैसे सगळ्यात जास्त कुठे बुडतात? कार्ड मशीन विचारतं "युरोमध्ये की इथल्या चलनात", नेहमी इथल्या चलनात, म्हणजे फोरिंट, झ्लॉटी, क्राउन, दुसरं बटण दाबलंत की मशीनवाला आपल्या मर्जीचा दर लावतो. रस्त्याकडेची रंगीत एटीएम टाळा, बँकेच्या इमारतीला लागलेलं शोधा. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून नाही, बोल्टसारख्या ॲपवरूनच.

आणि मुलांच्या ग्रुपसाठी खास जाळं असतं. रस्त्यात दोन मुली गोड बोलून एखाद्या बारचा पत्ता विचारतात, चला सोबत म्हणतात, दोन-दोन ड्रिंक होतात आणि शेकडो युरोंचं बिल येतं, दारात दोन आडदांड माणसं उभी. अनोळखी माणसाने सुचवलेल्या बारमध्ये जायचंच नाही, मेन्यूवर किंमत छापलेली नसेल तर ऑर्डर करायची नाही, आणि स्ट्रिप क्लबच्या बाहेर पत्रकं वाटणाऱ्यांना थांबून उत्तरही द्यायचं नाही. रात्री सोबत एकच कार्ड ठेवा, तेही लिमिट कमी करून.

बॅगेचं म्हणाल तर रायनएअर आणि विझ एअर या स्वस्त विमान कंपन्या, दोन्हीकडे सीटखाली मावणारी ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरची बॅग फुकट असते, तीन रात्रींना तेवढी पुरते, जड जॅकेट अंगावर घाला. रायनएअरचा बोर्डिंग पास नोव्हेंबर २०२५ पासून फक्त ॲपमध्ये असतो, म्हणून पॉवर बँक हवीच. युरोपबाहेरचा पासपोर्ट असेल तर सिक्युरिटीला जायच्या आधी काउंटरवर व्हिसा तपासून घ्या, त्याशिवाय गेटवर अडवू शकतात, आणि युरोपात कुठे राहत असाल तर रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर ठेवा, एकावर भागत नाही.