खोल भ्रंशाची थरथर स्वतः कशी शोधावी

थरथर शोधायला बसाल तेव्हा भूकंपमापकाच्या एकट्या स्टेशनचं सांगणं कधीही खरं मानू नका. बाकीचं सगळं पुढे येईलच, पण हे आधी मनावर घ्या. मी भूशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. माझं काम मोठ्या यंत्रांच्या कंपनांचे आलेख वाचण्याचं, म्हणजे बेअरिंग झिजायला लागलं की गोंगाटातून त्याची खूण हुडकून काढायची. त्याच सवयीने या विषयात शिरले आणि रमले.

शोधायचं काय, ते थोडक्यात सांगते. काही भ्रंश, म्हणजे जमिनीतल्या सरकत्या भेगा, खोलवर सेकंदांत न तुटता दिवसचे दिवस हळूहळू सरकत राहतात. या मंद सरकीसोबत उठणारी बारीक कंपनं म्हणजेच आपली थरथर. सरावाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे कॅस्केडिया. तिथे व्हँकुव्हर बेटापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत समुद्रतळाची प्लेट उत्तर अमेरिकेखाली शिरते, हुआन दे फुका नावाच्या प्लेटच्या भागात वर्षाला सुमारे ४ सेंटीमीटर वेगाने. समुद्राखालचा उथळ पट्टा घट्ट अडकलेला आहे; तो २६ जानेवारी १७०० रोजी सुटला तेव्हा सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. दोन प्लेटांमधल्या त्याच भ्रंशाचा ३० ते ४५ किलोमीटर खोलीवरचा भाग मात्र ठरावीक काळाने दोन-तीन आठवड्यांत काही सेंटीमीटर सरकतो. त्यात साडेसहा तीव्रतेच्या भूकंपाइतकी हालचाल होऊन जाते आणि वर कोणाला पत्ताही लागत नाही. हर्ब ड्रॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही हालचाल जीपीएसवरून दाखवली. २००२ मध्ये काझुशिगे ओबारा यांनी जपानच्या हाय-नेट या भूकंपमापकांच्या जाळ्यात खोलवरून येणारी थरथर ओळखली. कॅस्केडियात या दोन गोष्टी एकत्रच घडतात, हे २००३ मध्ये गॅरी रॉजर्स आणि ड्रॅगर्ट यांनी मांडलं.

आता कामाला लागा. संगणकावर पायथन आणि ऑब्सपाय ही भूकंपाच्या नोंदी हाताळणारी मोफत लायब्ररी घाला. अर्थस्कोप या अमेरिकी संस्थेच्या संग्रहातून भूकंपमापकांच्या नोंदी विनामूल्य उतरवता येतात. सुरुवात ऑगस्ट २०१० पासून करा, कारण त्या महिन्यात वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिम्पिक द्वीपकल्पाखाली मंद सरकीचा मोठा प्रसंग घडला होता. पीबी या सांकेतिक नावाच्या जाळ्यातली बी००१, बी००३, बी००४ आणि बी००५ ही स्टेशनं घ्या. त्यांची यंत्रं बोअरहोलमध्ये खोल बसवलेली आहेत, त्यामुळे वारा आणि रहदारी यांचा त्रास कमी. उभी नव्हे, आडवी दिशा निवडा. थरथरीतली बहुतेक ऊर्जा एस लहरींची, म्हणजे भूकंपात पी लहरींमागून येणाऱ्या लहरींची असते, आणि खालून वर येणाऱ्या एस लहरी जमिनीला मुख्यतः आडवं हलवतात. पहिल्यांदा स्थानिक रात्रीचेच तास पाहा, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे साधारण ७ ते १३. दिवसा माणसांचा गोंगाट फार असतो.

सरासरी आणि कल काढून टाका, मग १ ते ८ हर्ट्झचा बँडपास फिल्टर लावा, म्हणजे तेवढ्याच वारंवारता उरतील. खालची मर्यादा समुद्राच्या लाटांसाठी आहे; त्यांची गुणगुण ०.१ ते ०.३ हर्ट्झच्या आसपास असते आणि फिल्टर नसेल तर ती बाकी सगळं गिळते. ८ हर्ट्झच्या वर थरथरीचं फारसं काही उरत नाही. यानंतर प्रत्येक नोंदीचा एन्व्हलप, म्हणजे कंपनांच्या उंचीची बाह्यरेषा काढा, तो पाचेक सेकंदांवर सरासरी घेऊन गुळगुळीत करा आणि चारही स्टेशनं एकाखाली एक मांडा. तासाभराचा कागद एका नजरेत दिसला पाहिजे.

इथे घाई करू नका. सगळं कौशल्य या कागदावर आहे. थरथरीला ठळक सुरुवात नसते. पी लहर आली, मग एस लहर आली, अशी नेहमीच्या भूकंपाची शिस्त तिच्यात शोधू नका. फुगवटे येतात, ओसरतात, पुन्हा येतात, कधी मिनिटंच्या मिनिटं तर कधी तासन्‌तास. प्रश्न एकच विचारायचा: हा फुगवटा इतर स्टेशनांवर आहे का, आणि वेळेत बसतो का? खडकातून एस लहर सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर जाते. दोन स्टेशनांत ३५ किलोमीटर अंतर असेल तर एकाच जागेहून निघालेला फुगवटा त्या दोन्हींवर फार तर १० सेकंदांच्या फरकाने दिसेल. उगम पायाखाली खोल असेल तर फरक आणखी कमी. मिनिटाचा फरक पडला, तर तो दुसरंच काही आहे. एकाच स्टेशनवर उठला, तर वारा, ट्रक किंवा पंप समजा आणि सोडून द्या.

त्यानंतर तोच तास १० ते २० हर्ट्झमध्ये पाहा. ही चाचणी मला सगळ्यात आवडते. जवळचा छोटा भूकंप दोन्ही पट्ट्यांत उठून दिसतो. थरथर वरच्या पट्ट्यात जवळजवळ नाहीशी होते. डेव्हिड शेली, ग्रेग बेरोझा आणि सातोशी इदे यांनी २००७ मध्ये जपानातल्या नोंदींवरून दाखवलं, की ही थरथर म्हणजे असंख्य कमी वारंवारतेच्या चिमुकल्या भूकंपांची रांग आहे. एकेक ओळखणं कठीण, कारण एकाचा आवाज विरण्याआधी दुसरा सुरू झालेला असतो. दूरच्या मोठ्या भूकंपाची शंका आली तर यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्रीय संस्थेच्या भूकंपांच्या यादीत वेळ तपासून घ्या.

कानांनाही काम द्या. सेकंदाला १०० नमुन्यांची नोंद सेकंदाला १०,००० नमुने अशी ध्वनिफाइल म्हणून साठवली की तासाची ३६ सेकंदं होतात आणि १ ते ८ हर्ट्झचं १०० ते ८०० हर्ट्झ. भूकंप टकटक वाजतात. थरथर लांबच्या मैदानावर जमलेल्या गर्दीच्या कालव्यासारखी येते. डोळ्यांना जे निसटतं ते कान पुष्कळदा पकडतात.

थरथर सापडली की जमीन खरोखर सरकली का, ते पाहायचं. नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरी रोजच्या जीपीएस स्थानांच्या फाइली खुल्या ठेवते. व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरियाजवळचं एएलबीएच स्टेशन घ्या आणि पूर्व दिशेचा आलेख काढा. दीर्घकालीन कल वजा केला की करवतीचे दाते दिसतात: वर्षभर पूर्वेकडे सावकाश चढण, मग दोन-तीन आठवड्यांत सुमारे ५ मिलिमीटर पश्चिमेकडे. सरासरी १४ महिन्यांनी हे पुन्हा घडतं. एका दिवसात उडी दिसली तर अँटेना बदलल्याची नोंद शोधा. मंद सरक उडी मारत नाही. शेजारच्या स्टेशनांवरही उतार दिसलाच पाहिजे. नियम इथेही तोच.

पॅसिफिक नॉर्थवेस्ट सिस्मिक नेटवर्कचा थरथरीचा नकाशा आता उघडा; त्यातला एकेक ठिपका म्हणजे थरथरीची एक नोंद. आधी उघडला असता तर डोळे तयार झाले नसते. एकेक दिवस पुढे सरकवत गेलात तर ठिपक्यांचा पुंजका भ्रंशाच्या लांबीने रोज साधारण १० किलोमीटर सरकताना दिसेल.

प्रसंग जोरात असताना तासागणिक ठिपके मोजले, तर सुमारे साडेबारा तासांचा ताल सापडतो. तो भरती-ओहोटीचा. यातलं आश्चर्य नीट समजून घ्या. ३५ किलोमीटर खोल वरच्या खडकांचा भार वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १०,००० पट असतो. भरतीने पडणारा फरक एका वातावरणाच्या दाबाच्या काही शतांशांइतकाच. एवढ्याशाने भ्रंश बधतो, म्हणजे तो आधीच निसटण्याच्या काठावर असला पाहिजे. सर्वमान्य स्पष्टीकरण पाण्याचं आहे. खाली जाणाऱ्या प्लेटमधली खनिजं तापली की पाणी सोडतात, ते भेगांत कोंडतं आणि त्याचा दाब दोन्ही बाजूंचा खडक जवळजवळ उचलून धरतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते: तुमच्या आलेखावरून कोणालाही भूकंपाचा इशारा देऊ नका. प्रत्येक मंद सरक वरच्या अडकलेल्या पट्ट्यावर थोडा ताण वाढवते हे खरं, आणि जपानमधल्या २०११ च्या तोहोकू भूकंपाआधी तिथे मंद सरक झाल्याचंही संशोधकांनी दाखवलं आहे. पण कॅस्केडियात असे प्रसंग एकामागून एक येऊन गेले आणि त्यांच्यामागून मोठा भूकंप आला नाही. भीती पसरवायला हा डेटा वापरणं म्हणजे तो खुला ठेवणाऱ्यांचा विश्वासघात आहे.

कॅस्केडियात हात बसला की कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशाकडे वळा. पार्कफील्डच्या दक्षिणेला, चोलामे गावाखाली थरथर आहे, हे रॉबर्ट नॅडो आणि डेव्हिड डोलेंक यांनी २००५ मध्ये दाखवलं. तिथे एक प्लेट दुसरीखाली जात नाही, दोन्ही शेजारून घासत जातात. थरथर क्षीण आणि तुटक आहे आणि जीपीएसवर करवतीचे दाते दिसत नाहीत, त्यामुळे पुरावा म्हणून स्टेशनांचा आपसातला मेळच उरतो. तिथे चार स्टेशनांवर भागवू नका, आठ तरी घ्या.