पबमेडवर पेपर शोधताय? मेशच्या बाबतीत या चुका टाळा

नेरूळ-कळव्याकडच्या मेडिकलच्या पीजीवाल्यांची सिनॉप्सिसची (थीसिसच्या आराखड्याची) घाई सुरू झाली की एकच रड ऐकू येते, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या ऑनलाइन डेटाबेसवर, एकतर ढीगभर पेपर येतात नाहीतर काहीच हाती लागत नाही. बऱ्याचदा घोळ मेशचा असतो. मेश म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने 1960 पासून चालवलेली ठरलेल्या विषयांची यादी, त्यातल्या प्रत्येक नावाला हेडिंग म्हणतात. लेखकाने हार्ट अटॅक लिहिलेलं असो की त्याचंच लघुरूप एमआय, पेपरला शिक्का 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'चाच बसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कोट्स. हार्ट अटॅक नुसतं टाईप केलं तर पबमेड आपणहून मेश हेडिंग जोडून घेतं, पण कोट्स टाकले की ते बंद, मग ते दोन शब्द जसेच्या तसे जिथे असतील तेवढंच मिळणार. शब्दाच्या शेवटी स्टार (*) लावला तरी हेडिंग जोडणं बंदच. खात्री करायचीय? अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, खाली हिस्टरीत आपल्या सर्चच्या ओळीत डिटेल्सचा बाण दाबा, तिथे 'मेश टर्म्स' दिसत नसेल तर हेडिंग लागलेलंच नाहीये. हे कोणी बघतच नाही राव!

आता याच्या उलट, काहीजण फक्त मेशच लावून मोकळे होतात. पण पबमेडमधल्या प्रत्येक पेपरला मेश नसतं, पीएमसीतून (पबमेड सेंट्रल, म्हणजे पूर्ण पेपर फुकट वाचायला मिळणारा साठा) आलेल्या कितीतरी लेखांना ते कधीच लागत नाही, म्हणजे ते सगळे गायब. म्हणून, समजा विषय लेप्टोस्पायरोसिस आहे, तर तो मेशमध्ये आणि तोच शब्द टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये (पेपरचं शीर्षक आणि सारांश), असे दोन्ही घ्या आणि मध्ये OR टाका (कॅपिटलमध्येच).

आपल्याकडची खास गंमत म्हणजे जागेचं नाव. पावसाळ्यातल्या लेप्टोवर काम करणारा हमखास 'नवी मुंबई' टाकतो आणि पबमेड लेखकाच्या पत्त्यातही शोधतं, त्यामुळे पेशंट कुठलेही असोत, लेखकाचं कॉलेज इथलं असलं की पेपर हजर. नवी मुंबई किंवा ठाण्याचं वेगळं मेश हेडिंग नाही, 'इंडिया' आहे, ते घ्या आणि गावाचं नाव टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टपुरतं ठेवा.

आणि हो, हीच स्ट्रॅटेजी उचलून एम्बेस किंवा सिनाल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पेस्ट करू नका, एम्बेसची हेडिंगची यादी एमट्री, सिनालची आणखी वेगळी, हेडिंग तिथे जाऊन परत शोधावंच लागतं.